नुसते ओठ हलवा

"हे काम माझ्यावर सोडा," असं भाऊजी म्हणाले, तेव्हा गायनमंडळातल्या निम्म्या लोकांना हायसं वाटलं आणि त्यांच्या बायकोने डोळे मिटून घेतले.

भाऊजी लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. खरं म्हणजे ते फक्त बेकरीवाल्या दादांचे भाऊजी, दादांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पण मंडळात पाऊल टाकलं त्या दिवशी दादांनी "हे आमचे भाऊजी" अशी ओळख करून दिली आणि ते एकजात सगळ्यांचे भाऊजी होऊन बसले. गाण्याच्या बाई, म्हणजे ज्यांनी हे मंडळ उभं केलं आणि ज्यांच्या भुवईच्या इशाऱ्यासरशी सगळ्यांचे आवाज चढायचे-उतरायचे, त्या वयाने भाऊजींपेक्षा बऱ्याच मोठ्या. त्याही त्यांना भाऊजीच म्हणायच्या.

काम असं होतं. जगभर पसरलेल्या त्या मोठ्या सोशल मीडियावर मंडळाचं एक पान होतं. तालमीच्या वेळा, कार्यक्रमांचे फोटो, गाण्यांचे तुकडे, सगळं तिथे. एका सकाळी ते पान बंद झालं. का, तर तुम्ही टाकलेलं गाणं म्हणे तुमचं नाही. गाणं बाईंनी स्वतः रचलेलं. बाईंनी तसं कळवलं, तर तिकडून मशीनने उत्तर दिलं की तुमची नाराजी आम्हाला समजते. बाईंनी पुन्हा लिहिलं. मशीनला पुन्हा समजलं. पान बंद ते बंदच.

"चूक कुठे आहे माहितीय का?" भाऊजींनी तालमीच्या हॉलमध्ये उभं राहून विचारलं. "मालक एकच आहे, ही चूक आहे. समजा, अख्ख्या शहरातल्या लिफ्ट एकाच मोटरवर चालतायत. मोटरवाल्याचं डोकं फिरलं की सगळं शहर जिन्याने. आता नवे प्रकार निघालेत. विकेंद्रित. प्रत्येक इमारतीची मोटर वेगळी, दोर वेगळा, मालक वेगळा. तरी कुठल्याही इमारतीतून कुठल्याही इमारतीत जाता येतं."

"लिफ्टने?" दादांनी विचारलं.

"उदाहरण आहे, दादा."

"ते कळलं. पण लिफ्ट आडवी कशी जाईल?"

भाऊजींनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. असे प्लॅटफॉर्म बरेच आहेत, प्रत्येकाचे गुण आहेत, खोडी आहेत, आपण सगळ्यांची नीट तुलना करून येत्या रविवारी तालमीआधी मांडू आणि मग बहुमताने ठरवू, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात वाजवल्या त्या वहिनींनी, दादांच्या बायकोने.

"भाऊजी, मला आधी शिकवा हं," त्या म्हणाल्या. "दुपारी बेकरीत गिऱ्हाईक नसतं. बसल्या बसल्या करून बघेन."

ह्या वहिनींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच येऊन आदळलं. हॉलची किल्ली त्यांच्याकडे असायची. सगळ्यांच्या आधी येऊन त्या खुर्च्या मांडायच्या, खिडक्या उघडायच्या, कुणाचा घसा धरला असेल तर त्याच्यासाठी थर्मासमध्ये गरम पाणी आणायच्या. मंडळ सुरू झाल्यापासून त्या बायकांच्या वरच्या ओळीत गात आल्या होत्या. अलीकडे मात्र वरच्या सुराला त्यांचा आवाज पोचत नव्हता. माळ्यावरचा डबा काढताना टाचा उंचावतो, बोटं टेकतात, पण डबा काही हातात येत नाही, तसं व्हायचं. आणि वहिनी तर मनापासून गाणाऱ्या, त्यामुळे न लागलेला सूरही चांगला खणखणीत ऐकू यायचा. हे बाईंना कळत होतं, शेजारणींना कळत होतं, मागच्या पुरुषांना कळत होतं. बोलत कुणीच नव्हतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? आणि आता येत्या कार्यक्रमात बाईंनी एकटीने म्हणायचं एक कडवं वहिनींना दिलं होतं.

बुधवारी भाऊजींनी कामावर सुट्टी टाकली आणि स्वयंपाकघरात बैठक मांडली. फ्रिजवर एक मोठा कार्डशीट चिकटवला, त्यावर पट्टीने रकाने आखले आणि वर तीन नावं लिहिली. मधमाशी, कासव आणि घुबड. तिन्ही प्लॅटफॉर्मची चित्रं तशी होती, म्हणून लोकही त्यांना तसंच म्हणायचे.

घुबडाचं काम भाऊजींना आधी फार आवडलं. तिथे मालक नाही, कार्यालय नाही, पासवर्डसुद्धा नाही. तुम्हाला एक लांबलचक किल्ली मिळते, मुंग्यांच्या रांगेसारखी, अक्षरं आणि आकडे. ती जपायची. हरवली तर ब्रह्मदेवही परत देऊ शकत नाही. शिवाय तिथे एकदा लिहिलेलं कुणालाही पुसता येत नाही. भाऊजींनी "नमस्कार, मी आलो आहे" असं लिहिलं, चहा घेतला, आणि चहा संपेपर्यंत किल्ली हरवली. म्हणजे ती त्यांनी कॉपी करून ठेवली होती, पण मग त्याच जागी एका ब्रेकच्या पार्टचा नंबर कॉपी केला. आता घुबडावर "मी आलो आहे" असं म्हणणारे भाऊजी कायमचे उभे राहणार होते आणि खरे भाऊजी तिथे पुन्हा कधी जाऊ शकणार नव्हते. घुबडाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: "सुरक्षितता अति."

कासव दिसायला देखणं. नियम म्हणे असा की कुणीही आपलं घर बांधावं. पण बांधलंय कुणी? सगळे मूळ घरातच दाटीवाटीने राहतायत. भाऊजींनी लिहिलं: "विकेंद्रित, पण मनाने नाही." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

राहिली मधमाशी. इथे खरोखरच हजारो छोटी पोळी होती, प्रत्येक पोळ्याचा सांभाळणारा वेगळा, आणि एका पोळ्यातून दुसऱ्या पोळ्यात निरोप जात होते. शहरातलं जे पोळं नव्या लोकांना घेत होतं ते एका दातांच्या डॉक्टरांचं होतं. डॉक्टर हौशी. दवाखान्यातल्या एक्स-रेच्या खोलीत त्यांनी सर्व्हर ठेवला होता. भाऊजींनी स्वतःचं आणि बायकोचं अकाउंट तिथे काढलं. वहिनींनी तर सोमवारीच आपलं काढलं होतं, तेही दुसरीकडे, पक्षी पाळणाऱ्यांच्या पोळ्यात, कारण दातांच्या गप्पा वाचून त्यांची दाढ ठणकायला लागली होती. पोळी वेगळी असूनही वहिनींनी भाऊजींना शोधून फॉलो केलं होतं. "बघ," भाऊजी बायकोला म्हणाले, "आडवी गेली की नाही लिफ्ट?"

त्यांनी रकाना भरायला घेतला. खोडलेला मजकूर दुसऱ्या पोळ्यांत राहू शकतो, म्हणजे तुमचं म्हणणं कुणी दाबू शकत नाही: उत्तम. मेसेज वाचला की नाही हे पाठवणाऱ्याला दिसत नाही, म्हणजे वाचणाऱ्याला मोकळीक: उत्तम. पोळं बदललं तरी फॉलोअर आपोआप तुमच्याबरोबर येतात: अत्युत्तम.

"आता खाजगी मेसेजची चाचणी," ते म्हणाले. "तू फोन घेऊन आतल्या खोलीत जा."

"इथेच बसते की. फोनला काय कळतंय?"

"चाचणी म्हणजे चाचणी."

बायको आत गेली. भाऊजींनी खाजगी असं निवडलं, बायकोचं नाव टाकलं, आणि काय लिहावं म्हणून क्षणभर थांबले. मनात जे असतं ते अशा वेळी बोटांवर येतं. त्यांनी वहिनींचं नाव लिहायला ईमेलमध्ये असतं ते गोल शेपटीचं चिन्ह दाबलं, तर मधमाशीने पुढचं नाव आपणहून पूर्ण केलं आणि निळं करून दाखवलं. भाऊजी खूश झाले. हात लांब करून त्यांनी फ्रिजवर "नाव आपोआप येतं: उत्तम" असं लिहून टाकलं, मग मेसेज पुरा केला.

"चाचणी. तू परवा म्हणालीस तेच खरं. एकटीचं कडवं वहिनींना देऊन बाईंनी घोळ केला आहे. वरचा सूर लावताना त्या अशा दिसतात की शिंक येतेय आणि येत नाहीये. त्यांनी नुसते ओठ हलवावेत. मंडळ एका दिवसात सुधारेल."

पाठवलं. आतून फोन वाजल्याचा आवाज आला, बायकोचं हसू ऐकू आलं, आणि ते हसू मध्येच थांबलं.

"अहो," ती दारात येऊन म्हणाली. "ह्याच्यावर तीन चेहरे का दिसतायत?"

"तीन कुठले? एक तू, एक मी."

"आणि ही वहिनी."

भाऊजींनी चष्मा लावून पाहिलं. मेसेजच्या माथ्यावर तीन गोल चेहरे होते. एक त्यांचा, एक बायकोचा, आणि एक वहिनींचा, बेकरीच्या काउंटरमागे हसणाऱ्या. लिफ्टचा दोर सुटल्यावर काय वाटत असेल ते भाऊजींना एवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कळलं.

त्यांनी मेसेज खोडला. दोघांच्याही फोनवरून तो गेला. मग त्यांची नजर फ्रिजवर गेली, स्वतःच्याच टपोऱ्या अक्षरांवर. खोडलेला मजकूर दुसऱ्या पोळ्यांत राहू शकतो. उत्तम.

"वाचला असेल का तिने?" बायकोने विचारलं.

"ते दिसत नाही."

"का दिसत नाही?"

भाऊजींनी बोट दाखवलं. तेही फ्रिजवर होतं.

"आणि माझं नाव कशाला घातलंत? तू म्हणालीस तेच खरं, म्हणे! घरातलं घरात बोलले होते मी. उद्या दादाच्या दारात कुठल्या तोंडाने उभी राहू?"

भाऊजींनी चपला अडकवल्या आणि थेट दातांचा दवाखाना गाठला. डॉक्टर एका पेशंटच्या दाढेत काम करत होते. भाऊजींनी दारातूनच सगळं सांगितलं. डॉक्टरांनी यंत्र थांबवलं नाही.

"खाजगी मेसेजमध्ये ज्याचं नाव त्या चिन्हासकट लिहाल, त्याला तो मेसेज जातो," डॉक्टर म्हणाले. "तिथली पद्धतच तशी आहे. नाव हाच पत्ता. मोठं करा तोंड. तुम्ही नाही, हे."

"पण खोडलाय मी."

"माझ्या इथला खोडला गेला. पक्ष्यांच्या पोळ्याला इथून विनंती गेली असेल, की बाबांनो, तुमच्याकडचाही खोडा. ऐकायचं की नाही ते त्यांच्यावर. त्यांच्या घरात माझं काय चालणार? तेच तर विकेंद्रीकरण."

"तुम्ही त्यांना फोन करून बघा ना."

"ते सुट्टीवर आहेत. पाणपक्षी बघायला गेलेत." डॉक्टरांनी हात पुसले, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर वाकून पाहिलं आणि जरा वेळाने म्हणाले, "शिंक येतेय आणि येत नाहीये. हे मात्र बरोबर टिपलंत."

"तुम्हाला दिसतो तो? खोडलेला?"

"कालपर्यंतचं, आजचं, सगळं मागे एका जागी साठतं. एरवी मी कुणाचं बघत नाही हो. तुम्ही एवढे घाबरे आलात म्हणून बघितलं. मीही होतो मागच्या कार्यक्रमाला. खरं आहे तुमचं."

खुर्चीतल्या पेशंटने तोंडात कापूस असतानाही मान हलवून दुजोरा दिला. तोही होता म्हणे कार्यक्रमाला.

परतताना भाऊजी पाव घ्यायच्या निमित्ताने बेकरीत शिरले. वहिनी काउंटरमागे ट्रे पुसत होत्या. त्यांनी नेहमीसारखा पाव बांधून दिला, नेहमीसारखी नणंदेची चौकशी केली, आणि मग भाऊजींकडे बघत म्हणाल्या, "आज अगदी गप्प? घसा बसलाय का?"

ह्याचा अर्थ काय लावायचा? भाऊजी घरी येऊन बायकोपाशी तो प्रश्न निरनिराळ्या आवाजांत म्हणून दाखवत राहिले. साधा प्रश्न होता, का टोमणा होता? बायकोचं मत पडलं की वहिनीने वाचलंय, आणि वाचून गिळलंय, आणि गिळलेलं जास्त वाईट. "माफी मागा. आजच्या आज. आणि सरळ समोर जाऊन मागा."

समोर जायचं म्हटल्यावर भाऊजींनी नवा नियम काढला. ते म्हणाले, ज्या वाटेने चूक गेली त्याच वाटेने माफी जावी, हे शिस्तीला धरून आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांचं काम एका उंच इमारतीत होतं. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, पुलीला ग्रीस भरून झाल्यावर, त्यांनी एका हाताने फोन काढला आणि शब्द जुळवले. ह्या वेळी त्यांनी चिन्ह आणि नाव अगदी शहाणपणाने घातलं, कारण आता नाव हाच पत्ता हे त्यांना माहीत झालं होतं.

"वहिनी, मला क्षमा करा. नुसते ओठ हलवा, असं मी तुमच्याबद्दल लिहिलं ते चेष्टेत होतं. शिंकेचा उल्लेखही करायला नको होता. तुमच्या गाण्याबद्दल मंडळात सगळेच असं बोलतात, म्हणून माझ्याही तोंडून निघून गेलं. मनात काही धरू नका."

पाठवून ते लिफ्टने खाली निघाले. मध्ये एका मजल्यावर भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई आत आल्या. फोन थरथरला. पुन्हा थरथरला. मग तो थांबेचना, खिशात भुंगा अडकल्यासारखा. त्या बाई लांब सरकून लिफ्टच्या भिंतीला टेकल्या. "काही बिघाड आहे का?" त्यांनी विचारलं. "लिफ्टमध्ये नाही," भाऊजी म्हणाले.

मधमाशीवर नवा मजकूर लिहिला की तो सगळ्यांसाठी खुला असतो. खाजगी हवा असेल तर तसं दर वेळी वेगळं निवडावं लागतं. कालच्या चाचणीत भाऊजींनी ते निवडलं होतं. आज ग्रीसच्या हाताने निवडायचं राहिलं.

तेवढ्याने भागलं असतं तरी बरं होतं, कारण भाऊजींना तिथे फॉलो करणारे होते तरी किती! पण त्यांत दादा होते. दादा दुपारी भट्टीपाशी बसून बायकोने उघडून दिलेलं आपलं अकाउंट शिकत होते. मजकुराखाली दोन बाण गोल फिरणारं एक बटण असतं. ते दाबलं की तो मजकूर तुमच्या सगळ्या ओळखीच्यांकडे पुढे जातो. दादांची समजूत अशी की "पाहिलं, पोचलं" असं कळवायचं ते बटण. आपल्या बायकोच्या नावाने काहीतरी आलंय आणि त्यात क्षमा वगैरे शब्द आहेत, एवढं पाहून त्यांनी चष्मा शोधायच्या आधी सभ्यपणे ते दाबलं. तिथून तो मजकूर पावभट्टीवाल्यांच्या पोळ्यात गेला, तिथून कुठे कुठे गेला. संध्याकाळपर्यंत अनोळखी लोक भाऊजींना सल्ले देत होते. कुणी लिहिलं, ही माफी आहे का आरोपपत्र? कुणी विचारलं, ह्या वहिनींचं गाणं कुठे ऐकायला मिळेल?

माणूस घाबरला की पळतो. भाऊजींनाही तेच सुचलं. रात्रीचं जेवण तसंच टाकून त्यांनी ते अकाउंट हलवलं, दूरच्या एका पोळ्यात, जिथे लोक फक्त दगडांबद्दल बोलतात. नवं नाव घेतलं, चेहऱ्याच्या जागी एक दगड लावला आणि दार लावून घेतल्यासारखे स्वस्थ बसले. इतक्यात सूचना यायला लागल्या. बाई तुमच्याबरोबर आल्या आहेत. डॉक्टर तुमच्याबरोबर आले आहेत. दादा तुमच्याबरोबर आले आहेत. आणि मग, वहिनी तुमच्याबरोबर आल्या आहेत.

"अत्युत्तम," बायको फ्रिजपाशी उभी राहून म्हणाली.

रविवारी न जाण्यासाठी भाऊजींनी ताप, पाठदुखी आणि बंद पडलेली एक लिफ्ट अशी तीन कारणं तयार केली होती. बायकोने एकही चालू दिलं नाही. "मी येतेय ना तोंड दाखवायला? मग तुम्हीही चला."

हॉलमध्ये खुर्च्या नेहमीसारख्या मांडलेल्या होत्या, खिडक्या उघड्या होत्या. एवढी गर्दी कधी जमत नसे. सर्दीवालेसुद्धा आले होते. भाऊजींनी कार्डशीटची गुंडाळी भिंतीला टेकवून ठेवली आणि मागच्या रांगेत, जमेल तितके बारीक होऊन बसले.

वहिनी पुढच्या खुर्चीवरून उठल्या. आवाज चढवला नाही.

"भाऊजींच्या मांडणीच्या आधी मला दोन शब्द बोलायचेत," त्या म्हणाल्या. "तो पहिला मेसेज मी वाचलाच नव्हता. बेकरीत हात पिठाचे, फोन ड्रॉवरमध्ये असतो. तुमची माफी आली तेव्हा मला कळलं की असं काही आहे. मग तो शोधून काढला. आमच्या पक्ष्यांच्या पोळ्यात होता तसाच."

भाऊजींनी डोळे मिटले. म्हणजे गप्प बसले असते तर काहीच झालं नसतं. पाव घेऊन घरी यायचं होतं, बस.

"तू म्हणाली होतीस?" वहिनींनी नणंदेकडे पाहून विचारलं.

भाऊजींच्या बायकोचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "हो," ती म्हणाली. "म्हणाले होते."

"आणि बाई, तुम्ही?"

बाईंनी हातातले कागद सारखे केले. "वर्षभर ऐकतेय," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज खाली उतरलाय. वयाने उतरतो, त्यात वाईट काही नाही. मी सांगायला हवं होतं. ते जमेना, म्हणून उलट कडवं दिलं. म्हटलं, निदान तुम्हाला वाईट वाटू नये."

सगळे आपापल्या पायांकडे बघत होते, दादासुद्धा.

"मला ऐकू येतं हो," वहिनी म्हणाल्या. "माझ्या घशातून काय निघतं ते माझ्याच कानांना आधी कळतं. पण मनात यायचं, वाईट असतं तर घरातलं कुणीतरी बोललं असतं. नणंद शेजारी उभी असते, नवरा मागे असतो, भाऊजी असतात. कुणी बोलत नाही म्हणजे ठीकच असेल. ह्या भरवशावर मी वर्षभर गळा फाडत होते."

त्या रागावल्या असत्या, रडल्या असत्या, तर भाऊजींना काही करता आलं असतं. त्या नुसत्या खाली बसल्या आणि पदराने कपाळ टिपलं. भाऊजींना वाटलं, आपण उपमा शोधत होतो शिंकेची, आणि हे माणूस आपल्या तोंडाकडे बघत वाट पाहत होतं. त्यांना इतकी लाज वाटली की ती लपवायला ह्या हॉलमध्येच काय, कुठल्याही पोळ्यात जागा नव्हती.

बाईंनी पेटी जवळ ओढली. "या इकडे," त्या वहिनींना म्हणाल्या. "खालच्या ओळीतलं म्हणून बघा."

वहिनींनी नको नको म्हणत सुरुवात केली, आणि पहिल्या दोन ओळींतच लोकांनी माना वर केल्या. त्या खालच्या सुरांत त्यांचा आवाज ऐसपैस बसला, जड, उबदार, कुठेही ओढाताण नाही. बाईंनी पेटीवरचा हात न काढता भुवईने खूण केली आणि खालच्या ओळीतल्या बायकांनी सरकून जागा केली. एकटीचं कडवं रद्द झालं, ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं ठरलं. खालची ओळ पुरुषांच्या अगदी पुढ्यात उभी राहायची. त्यामुळे वहिनी आता बरोबर भाऊजींच्या नाकासमोर आल्या, आणि त्या दिवशी भाऊजी काय गायले ते त्यांचं त्यांनाही आठवत नाही.

तालीम संपल्यावर बाईंना आठवण झाली. "भाऊजी, तुमची ती तुलना राहिली की."

भाऊजी गुंडाळी उलगडायला लागले, पण तशी गरज पडली नाही. दादांनी मधमाशीचं नाव पुढे केलं आणि सगळे हात वर झाले. कारण साधं होतं. सगळ्यांची अकाउंटं तिथे आधीच झाली होती. भाऊजींची माफी वाचायला तीन दिवसांत प्रत्येक जण तिथे जाऊन आला होता.

लोक पांगले. बायको दादांबरोबर बोलत बाहेर गेली, बहुधा आपल्या वाटणीची माफी मागायला. वहिनी खुर्च्या एकावर एक रचत होत्या. भाऊजी जवळ गेले, दोन खुर्च्या उचलल्या, पुन्हा खाली ठेवल्या.

"वहिनी," ते म्हणाले, "मी फार वाईट वागलो. लिहिलं ते वाईट, आणि समोर येऊन बोललो नाही ते त्याहून वाईट. मला माफ करा."

वहिनींनी दाराकडे पाहिलं, खिडक्यांकडे पाहिलं, मग भाऊजींच्या हातांकडे पाहिलं. हातांत फोन नव्हता.

"हे एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "आणखी कुठे नाही ना टाकलंय?"

"नाही. फक्त तुम्हाला."

"मग केलं माफ," वहिनी म्हणाल्या. "पण घरी गेल्यावर मी माफ केलं असं कुठे लिहू नका. आमच्या ह्यांचं बोट अजून त्या बटणावरच आहे."